प्रवेशद्वाराच्या अलीकडची फी

लातूरचं नाव आधी कॉलेजांनी केलं, क्लासवाले मागून आले. आज हा क्रम बहुतेकांच्या ध्यानात नसतो. नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं ओळीनं झळकू लागली, तेव्हा त्यांच्या नावापुढे राजर्षी शाहू किंवा दयानंद महाविद्यालय असं छापलेलं असे. जनार्दन वाघमारे, अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या प्राचार्यांच्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयात जी पद्धत बसली, तिलाच लोक पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. पद्धतीत गूढ काही नव्हतं. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, उरलेले महिने उजळणीला ठेवायचे, चाचणीमागून चाचणी घ्यायची, तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हातात देऊन गुण कुठे गेले ते दाखवायचं, सुट्टीतही तास घ्यायचे. ही घोकंपट्टी आहे, यात विज्ञान कुठे आहे, अशी टीका पुण्या-मुंबईतून होत असे आणि ती बरीचशी खरीही होती. पण टीकाकारांच्या नजरेतून एक गोष्ट सुटायची. शिकवणारे कॉलेजचे होते, शिकवणं कॉलेजात होत होतं आणि शिकवणाऱ्यांचा पगार सरकारी अनुदानातून निघत होता. औसा-निलंग्याकडून आलेल्या मुलाला अकरावीत प्रवेश मिळाला की तयारीही त्यातच मिळे. तिच्यासाठी दुसऱ्या कुणाचा उंबरा झिजवावा लागत नसे.

आज त्याच शहरातला एक भाग 'ट्युशन एरिया' म्हणूनच ओळखला जातो. क्लास, अभ्यासिका, मेस, मुला-मुलींची वसतिगृहं आणि या सगळ्यांवर रँकरांच्या फोटोंचे फ्लेक्स. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून मुलं येतात. पुष्कळदा आई मुलासोबत खोली करून राहते आणि वडील गावाकडे शेत बघतात. कॉलेजं अजून आहेत, त्यांचे निकालही चांगले लागतात. पण 'कुठे आहेस?' असं विचारलं की मुलगा क्लासचं नाव सांगतो. खासगी क्लास आणि विषमता यांचं नातं समजून घ्यायचं तर या तीस-पस्तीस वर्षांत काय हललं ते पाहावं लागतं. माझ्या मते पहिल्यांदा हलली ती परीक्षा. पैसा तिच्या मागून गेला.

डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा रस्ता एके काळी बारावीच्या गुणांतून जात होता. मग राज्याची सीईटी आली. देशभरासाठी एकच 'नीट' पहिल्यांदा 2013 मध्ये झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, 2016 मध्ये न्यायालयानंच तिला पुन्हा उभं केलं आणि 2017 पासून महाराष्ट्रात एमबीबीएसचा प्रवेश नीटशिवाय होत नाही. यामागचा हेतू वाईट नव्हता. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्वतःच्या परीक्षा आणि त्यांच्या आडून चालणारी देणग्यांची देवघेव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एका सामायिक परीक्षेचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण परिणाम असा झाला की बारावी फक्त उंबरठ्यापुरती उरली. खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात 50 टक्के आणि मागासवर्गीयांना 40 टक्के मिळाले की झालं. त्यापुढचा एकही गुण कुठे मोजला जात नाही. अभियांत्रिकीकडे 2013 ते 2016 या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बोर्डाच्या गुणांना 40 टक्के वजन होतं. मुलांनी वर्गात बसावं हा त्यामागचा उद्देश. 2017 पासून तेही काढलं.

आणि परीक्षा हलली ती कसल्या परीक्षेकडे? 2025 मध्ये नीटला 180 प्रश्न होते आणि 180 मिनिटं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला वजा एक. चार पर्यायांतले दोन झटकन बाद करणं, कोणता प्रश्न सोडून द्यायचा ते पाच सेकंदांत ठरवणं, उरलेल्या दोन पर्यायांत धोका पत्करायचा की नाही हे ओळखणं, ही एक वेगळीच कसरत आहे. ती कमी दर्जाची आहे असं मी म्हणणार नाही. तिला बुद्धी लागते, सराव त्याहून जास्त लागतो. मात्र अनुदानित कॉलेजातल्या पंचेचाळीस-पन्नास मिनिटांच्या तासात, हजेरी, प्रयोगवही आणि पाठ्यपुस्तक सांभाळून ती कसरत करून घेण्याची सोय नाही. ज्या गोष्टीची शाळेत सोय नाही आणि जिच्यावर आयुष्य ठरतं, तिची बाजारात दुकानं निघणारच. हाँगकाँग विद्यापीठातले अभ्यासक मार्क ब्रे या दुकानांना 'सावलीतली शिक्षणव्यवस्था' म्हणतात. युनेस्कोनं 1999 मध्ये त्यांचं त्याच नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. मूळ व्यवस्था जसा आकार घेते तशी सावली पडते, असं त्यांचं साधं निरीक्षण. महाराष्ट्रात सावली आता मूळ वस्तूलाच झाकू लागली आहे.

ते कसं, हे 'इंटिग्रेटेड' या प्रकारातून कळतं. क्लास एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाशी 'टाय-अप' करतो. मुलाचं नाव कॉलेजच्या पटावर लागतं, मूल सकाळी सातपासून क्लासमध्ये असतं. कॉलेज शेजारच्या गल्लीत असू शकतं किंवा शेजारच्या तालुक्यात. मुलानं तिथे जायचं ते प्रात्यक्षिकाला आणि बोर्डाच्या परीक्षेला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकाच्या प्रात्यक्षिकाचे 30 गुण कॉलेजच्या हाती असतात आणि ते कसे पडतात हे पालकांना, शिक्षकांना आणि बोर्डालाही ठाऊक आहे. कॉलेज यात का पडतं? पैशाचा भाग आहेच. पण अनुदानित कॉलेजची आणखी एक निकड असते. पटसंख्या घसरली की तुकडी बंद होते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. कागदावरची मुलं तुकडी वाचवतात. म्हणजे न येणाऱ्या मुलांच्या जिवावर शिकवणाऱ्याची नोकरी टिकते. 2012 नंतर कित्येक वर्षं शिक्षकभरती बंद राहिली, तासिका तत्त्वावर नेमलेल्यांवर वर्ग ओढले गेले, हेही त्याच चित्रात आहे.

शासनाला हे माहीत नव्हतं असं नाही. जून 2018 मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि औरंगाबाद विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश निघाला तो याच टाय-अपांना आळा घालण्यासाठी. त्यानं क्लास कुठे ओस पडल्याचं दिसलं नाही. दिल्ली-राजस्थानकडे याच प्रकाराला 'डमी स्कूल' म्हणतात. सीबीएसईनं नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या 21 शाळांची संलग्नता काढून घेतली.

आता त्या कॉलेजात खरोखर रोज जाणाऱ्या मुलीचा विचार करावा. ती का जाते? क्लासची फी परवडत नाही म्हणून. वर्गात शंभरावर नावं आणि बाकांवर वीस मुलं. चांगले शिक्षक क्लासकडे गेलेले किंवा रिकाम्या बाकांपुढे शिकवून कंटाळलेले. प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून थोडेच दिवस उघडतं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या तिला अकरावीला सगळं विज्ञान इंग्रजीतून सामोरं येतं आणि हा बदल पेलायला जो हात लागतो तो वर्गात नाही. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते; महाराष्ट्रातून दोन लाखांहून अधिक मुलं परीक्षेला बसतात, त्यांत मराठी प्रश्नपत्रिका घेणारी शेकडा दोनही भरत नाहीत. क्लासमुळे श्रीमंताला जास्त मिळतं, एवढंच आपण सहसा म्हणतो. त्यापेक्षा गंभीर बाब ही की गरिबाला जे फुकट मिळत होतं ते क्लासमुळे पातळ झालं. लातूर पॅटर्नमध्ये कितीही घोकंपट्टी असली तरी ती पटावरच्या सगळ्या मुलांची होती.

पैशाचा हिशेब इथून पुढचा. 2024 मध्ये नीटसाठी सुमारे 24 लाख नोंदणी झाली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या सरकारी. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं वर्षाचं शुल्क लाख-दीड लाखाच्या घरात असतं, खासगीत ते कित्येक पटींनी. मधला फरक समाज भरतो, करांतून. त्या शुल्कातही सवलती आहेत: अनुसूचित जाती-जमातींना शिष्यवृत्ती, आर्थिक मागासांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना. जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक व सामाजिक मागास कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. हे सगळं मोलाचं आहे. पण यांतली प्रत्येक सवलत प्रवेश मिळाल्यानंतर सुरू होते. प्रवेशद्वाराच्या अलीकडे, नीटच्या दोन वर्षांच्या क्लासला जे एक-दोन लाखांपासून चार-पाच लाखांपर्यंत मोजावे लागतात, त्यात खोलीभाडं आणि मेस मिळवल्यावर जो आकडा होतो, त्याला ना राखीव जागा, ना शुल्कमाफी. उलट क्लासच्या फीवर सरकार 18 टक्के जीएसटी घेतं. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, कारण ते शिक्षण. क्लास हा धंदा. ज्या धंद्यातून गेल्याशिवाय सरकारी शिक्षण मिळणं दुरापास्त, त्याला धंदा म्हणून सोडून द्यायचं की नाही याचा निर्णय मात्र कुणी घेतलेला नाही.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवलं, त्यातली तक्रार अशीच होती: महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ वरच्या थरातले घेतात. तेव्हा अडवणारी भिंत उघड दिसत होती. आता दार सगळ्यांसाठी उघडं आहे आणि परीक्षा सगळ्यांना एकच आहे, त्यामुळे आत न पोचलेला मुलगा दोष स्वतःकडे घेतो. 'माझाच स्कोअर कमी आला.'

राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे या चित्राशी जुळतात, पण त्यांतून सगळं दिसत नाही. 2017-18 च्या पाहणीत देशातले जवळपास 20 टक्के विद्यार्थी कुठली ना कुठली शिकवणी लावत होते. 2025 च्या पाहणीत ते प्रमाण 27 टक्के निघालं. अकरावी-बारावीला शहरी विद्यार्थ्यामागे क्लासचा वर्षाचा सरासरी खर्च 9,950 रुपये, ग्रामीण विद्यार्थ्यामागे 4,548. सरासरीत गल्लीतल्या बाईंची दीडशे-दोनशे रुपयांची शिकवणी आणि लाखांची रँकर बॅच एकत्र मिसळतात. मुलगा-मुलगी हा भेद मात्र वाटतो तितका मोठा नाही. 2017-18 मध्ये शिकवणी लावणारे मुलगे 21 टक्के, मुली 19. आणि नीटला तर मुलांपेक्षा मुलीच जास्त बसतात. मुलीला परगावी ठेवायला घर कचरतं हे खरं, म्हणूनच आई सोबत जाते. तो खर्च कुठल्या पाहणीत धरत असतील असं वाटत नाही.

क्लासच्या आतही एक उतरंड असते. दहावीच्या निकालाआधीच 'स्कॉलरशिप टेस्ट' होते. तिच्यातून निघालेली वरची मुलं एका बॅचमध्ये, त्यांना फी माफ किंवा नाममात्र, त्यांना सगळ्यात नावाजलेले सर. बाकीच्या बॅचेस पूर्ण फीच्या आणि त्यांना शिकवायला नवखे, बहुधा स्वतः नुकतेच पदवी घेतलेले. खालच्या बॅचच्या फीवर वरच्या बॅचचा निकाल उभा राहतो आणि त्या निकालाच्या फ्लेक्सवर पुढच्या वर्षीची खालची बॅच भरते. यात एखादा अतिशय हुशार, अतिशय गरीब मुलगा तरून जातो. त्याचा फोटो सगळ्यात मोठा लागतो आणि क्लास गरिबांनाही वर काढतो याचा तोच पुरावा मानला जातो. तो मुलगा खरा असतो. पण त्याच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या हुशारीचा गरीब मुलगा असतो, त्याला फीही माफ होत नाही आणि भरताही येत नाही. त्याच हुशारीचा तलाठ्याचा किंवा प्राध्यापकाचा मुलगा पूर्ण फी भरून बसतो आणि निभावून नेतो. विषमता खरी कळते ती या मधल्या मुलांत. एकच रँकर दोन-तीन क्लासच्या जाहिरातींत दिसण्याचे चमत्कार तर इतके झाले की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर वेगळे नियम काढावे लागले.

पैशाइतकीच महाग वस्तू म्हणजे वेळ. पहिल्या खेपेला स्कोअर आला नाही की 'रिपीट' करायचं, एक वर्ष फक्त नीट. तामिळनाडूनं 2021 मध्ये न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीकडून नीटच्या परिणामांची तपासणी करून घेतली. एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत दुसऱ्या-तिसऱ्या वेळी परीक्षा देणाऱ्यांचं प्रमाण 2016-17 मध्ये 12 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 2020-21 मध्ये 71 टक्क्यांवर गेल्याचं तिनं नोंदवलं. तमिळ माध्यमातून आलेले पंधरा टक्क्यांच्या आसपास होते, ते दोन-तीन टक्क्यांवर आले. एक वर्ष थांबणं म्हणजे काय, हे घराघरांत निराळं असतं. दुष्काळी पट्ट्यातल्या ऊसतोड कुटुंबात अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे कोयत्याला एक हात. घर त्याला एकदा मोठ्या हिकमतीनं सोडतं. दुसऱ्यांदा सोडत नाही. मुलींच्या बाबतीत ते जादाचं वर्ष लग्नाच्या बोलण्यांशी झगडून मिळवावं लागतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल की लातूरसारखी गावं नसती तर मराठवाड्याची मुलं मुंबई-पुण्याच्या मुलांपुढे टिकलीच नसती. म्हणणं बरोबर आहे आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशांत बरीच वर्षं 70:30 चं सूत्र होतं: प्रत्येक विभागातल्या 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना. वरवर पाहता मागास भागाला संरक्षण. पण मराठवाड्यात महाविद्यालयं थोडी आणि चांगल्या स्कोअरची मुलं पुष्कळ, त्यामुळे हे संरक्षण त्यांनाच काचू लागलं. ते सूत्र रद्द करण्याची मागणी मराठवाड्यातून होत राहिली आणि सप्टेंबर 2020 मध्ये ते रद्द झालं. त्या वेळी वैद्यकीय शिक्षणमंत्री लातूरचेच अमित देशमुख होते. ज्या भागाला राज्याच्या राजकारणात कायम अनुशेष मोजत बसावं लागलं, तो एका बाबतीत तरी 'आम्हाला सवलत नको, खुली स्पर्धा द्या' असं म्हणू शकला. यात क्लासचा वाटा आहे. विभागाविभागांतली दरी क्लासनं थोडी बुजवली. विभागाच्या आतली, बागायती आणि कोरडवाहूतली, पगारी घर आणि मजुराच्या घरातली दरी मात्र त्यानंच रुंदावली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मग क्लास बंदच करावेत का? बंदीचे प्रयोग जगात होऊन गेले आहेत. दक्षिण कोरियात 1980 मध्ये लष्करी राजवटीनं खासगी शिकवण्या बेकायदा ठरवल्या. शिकवण्या चोरून आणि जास्त दरानं चालत राहिल्या आणि 2000 मध्ये घटनात्मक न्यायालयानं बंदीच रद्द केली. चीननं जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्या एका फटक्यात बंद केल्या. आपल्याकडे शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला क्लासनं घेऊ नये, फसवी हमी देऊ नये, सोडून जाणाऱ्याची उरलेली फी परत करावी. आठवीपासूनचे 'फाउंडेशन' वर्ग त्यानंतरही चालूच आहेत. गोव्यानं 2001 मध्येच क्लासच्या नियमनाचा कायदा केला. महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास एक मसुदा तयार झाला आणि तिथेच अडकला. नोंदणी, अग्निसुरक्षा, फीची पावती यांचे नियम हवेतच. पण त्यांनी पावती मिळेल, विषमता हटणार नाही.

राज्याचा स्वतःचा उपाय म्हणजे क्लास फुकट देणं. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गांतल्या मुलांना नीट-जेईईसाठी टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा देते. सरकारबाहेरही याच वाटेनं काम चालतं. पुण्याजवळच्या 'दक्षणा' या संस्थेत नवोदय विद्यालयांतली निवडक मुलं राहून शिकतात. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' आदिवासी मुलांना तयार करतं. यांतून डॉक्टर झालेली मुलं पाहिली की टीका करायला जीभ रेटत नाही. तरीही हिशेब मांडायला हवा: शासन कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाला पगार देतं, तो शिकवतो त्याचा प्रवेशाला उपयोग नाही हे मान्य करतं आणि त्याच मुलाला दुसऱ्यांदा पैसे मोजून ऑनलाइन क्लास लावून देतं.

तामिळनाडूनं निराळी वाट धरली. 2020 मध्ये कायदा करून वैद्यकीय प्रवेशातल्या 7.5 टक्के जागा सरकारी शाळांतून शिकलेल्या आणि नीट उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी राखल्या. त्याआधी वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं सरकारी शाळांतून एमबीबीएसला जात होती. पहिल्याच वर्षी ती तीनशेहून अधिक झाली. परीक्षा तीच ठेवून तुलना सारख्यांची सारख्यांशी करायची, एवढंच त्या कायद्यानं केलं.

महाराष्ट्रात हे जसंच्या तसं बसणार नाही आणि कारण विचार करण्यासारखं आहे. तामिळनाडूत सरकारी शाळा बारावीपर्यंत जातात. आपल्याकडे अकरावी-बारावी प्रामुख्यानं खासगी संस्थांच्या अनुदानित आणि विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांत आहे. तेव्हा असा वाटा ठेवायचा तर 'अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातला विद्यार्थी' हा निकष धरावा लागेल. त्या पटावर रोज येणाऱ्या मुलीचं नाव आहे आणि चार लाखांच्या इंटिग्रेटेड बॅचमधल्या मुलाचंही. दोघांचा दाखला एकाच कॉलेजचा, दोघांची हजेरी कागदावर 75 टक्क्यांच्या वर. राखीव वाटा जाहीर झाला तर त्यातल्या जागा पहिल्या फेरीत कोण घेऊन जाईल हे वेगळं सांगायला नको.